गिरणीच्या भिंतीबाहेरचे बालपण

मुंबईच्या गिरणगावाविषयी मराठीत आजवर विपुल लिहिले गेले आहे. पहिली गिरणी कुणी उभारली, कामगारांची पहिली सभा कुणी घेतली, कोणता संप किती काळ चालला, गिरण्या बंद पडल्यावर जमिनींचे काय झाले, याच्या नोंदी अभ्यासकांनी परिश्रमपूर्वक करून ठेवल्या आहेत. मात्र त्या गिरण्यांच्या सावलीत जी मुले वाढली, ती दिवसभर कुठे बसत होती, कुठे खेळत होती आणि अभ्यासाला कुठे जागा शोधत होती, हा प्रश्न इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच विचारला जातो. आठवणींच्या लेखांत तो येतो, परंतु तिथे त्याला केवळ हळवेपणाचा रंग असतो. आमचे बालपण १९७० च्या दशकात ना. म. जोशी मार्गावरील, म्हणजेच जुन्या माणसांच्या तोंडी असलेल्या डिलाइल रोडवरील एका चाळीत गेले. त्या बालपणाच्या जागा आज एकेक करून पुसल्या जात असताना, त्यांच्याकडे आठवणींचे गाठोडे म्हणून न पाहता इतिहासाचा एक भाग म्हणून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

‘अड्डा’ या शब्दाला मराठीत थोडा वाईट वास आहे. आम्ही मुले ‘कट्टा’ म्हणत असू, किंवा ‘नाका’. ‘कुठे चाललास?’ या प्रश्नाला ‘नाक्यावर’ हे उत्तर पुरेसे होते. हे कट्टे आणि नाके कुणी मुलांसाठी बांधलेले नव्हते. ते निर्माण कसे झाले, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

गाव कसे वसले

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी स्थापन करून ताडदेव येथे मुंबईतील पहिली सूतगिरणी उभारली. पुढील काही दशकांत भायखळा, परळ, लालबाग, चिंचपोकळी, वरळी, नायगाव आणि शिवडी या परिसरात धुराड्यांची रांग लागली. ज्या परळमध्ये पोर्तुगीज अमदानीत येशूसंघीयांचे मठ व प्रार्थनामंदिर होते, तेच इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर पुढे गव्हर्नरसाहेबांचे निवासस्थान झाले आणि १८९९ मध्ये त्याच वास्तूत डॉ. हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा आली. गिरण्यांचा धूर वाढत गेला तशी बड्या लोकांनी परळ सोडली आणि कोकणातून, घाटावरून आलेल्या श्रमिकांनी ती भरून काढली. रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा, कोल्हापूर इकडचा तरुण आधी एकटा येई, गाववाल्यांच्या गाळ्यात पथारी टाकी, खानावळीत जेवे, आणि बऱ्याच वर्षांनी बिऱ्हाड आणी.

१८९६ च्या प्लेगने या दाट वस्तीचे भयानक रूप उघडे केले. घरबांधणीचा प्रश्न सरकारला टाळता येईना. १९२० मध्ये ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ हे खाते स्थापन झाले आणि १९२१ ते १९२५ या काळात वरळी, नायगाव, शिवडी व डिलाइल रोड येथे मिळून २०७ इमारती उभ्या राहिल्या. याच त्या बी.डी.डी. चाळी. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर २० खोल्या, मधून लांबलचक सामाईक मार्ग आणि सामाईक शौचालये. एक खोली १६० चौरस फुटांची. एका इमारतीत अशा ८० खोल्या. आमच्या बालपणाचा नकाशा या आकड्यांतून तयार झाला आहे.

झोपलेला माणूस आणि बाहेरची मुले

गिरणी तीन पाळ्यांत चाले. पहिली पाळी सकाळी सातला लागे, दुसरी दुपारी साडेतीनला, तिसरी मध्यरात्री. त्यामुळे चोवीस तासांत असा एकही प्रहर नसे, की चाळीत कुणी ना कुणी झोपलेले नसेल. १६० चौरस फुटांच्या खोलीत सकाळी आठ वाजता तिसऱ्या पाळीहून आलेला काका डोक्यावर चादर ओढून झोपलेला असे. त्याच खोलीत स्वयंपाक, तिथेच पाण्याचे पिंप, तिथेच देव्हारा किंवा आमच्यासारख्यांच्या घरी भिंतीवरील क्रूस. अशा खोलीत मुलांना जागा असणे शक्यच नव्हते. ‘हळू रे, मामा झोपलेत’ हे वाक्य आम्ही वर्णमालेआधी शिकलो.

आमच्या कट्ट्यांचे मूळ कारण हे आहे. खोली झोपणाऱ्याची होती, म्हणून मुले बाहेरची होती. मजल्यावरचा मार्ग, जिन्याच्या पायऱ्या, तळमजल्यापुढचा ओटा, दोन चाळींमधले अंगण आणि नळाशेजारचा कठडा ही आमची खरी राहण्याची ठिकाणे. पायऱ्यांचीही वाटणी ठरलेली होती. वरच्या पायऱ्यांवर शाळेच्या शेवटच्या वर्गातली मुले पुस्तक घेऊन बसत, मधल्या पायऱ्यांवर पत्ते आणि गप्पा, अगदी खाली लहान मुलांच्या गोट्या. परीक्षेच्या दिवसांत जिन्यातील दिव्याखाली बसायला जागा मिळावी म्हणून संध्याकाळीच वही ठेवून हक्क सांगावा लागे. तो हक्क सगळे पाळत. दहावीच्या मुलाला लहानांनी त्रास दिला, तर मजल्यावरील कोणतीही मावशी बाहेर येऊन कान धरी, आणि ती स्वतःची की परकी असा भेद त्या कानाला नसे.

दिवसाची विभागणी भोंगा करी. घड्याळ सगळ्या घरी नव्हते. साडेतीनच्या भोंग्यानंतर पहिल्या पाळीची माणसे परतू लागत, तेव्हा रस्त्यातला रबरी चेंडूचा खेळ आपोआप थांबे. त्या गर्दीच्या केसांत आणि सदऱ्यांवर कापसाचे तंतू चिकटलेले असत. साचेखात्यातला कोण आणि त्रासनखात्यातला कोण, हे आम्ही मुले दुरूनही ओळखत असू. साचेखात्यातली माणसे कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात आयुष्य काढल्यामुळे घरीही मोठ्याने बोलत.

गिरणीची दगडी भिंत हाही एक कट्टा होता. तिच्या आत आम्हांला प्रवेश नव्हता. डबा पोचवायला गेलेल्या मुलाला दरवाजापर्यंत जाता येई, तेवढेच. सकाळी त्या दरवाजाशी बदली कामगारांची गर्दी असे. कुणी गैरहजर राहिला तर त्या दिवसाचे काम मिळेल या आशेने आलेली ही माणसे, काम न मिळाल्यास भिंतीला टेकून बसून राहत. त्यांच्या शेजारी बसून आम्ही मोडक्या बाबिणीची भिंगरी फिरवत असू, चिंध्यांचा चेंडू शिवत असू. बेकारी म्हणजे काय, हे आम्ही पुस्तकातून वाचण्याआधी त्या भिंतीशी पाहिले होते.

दंडाच्या पैशातला कॅरम

संध्याकाळचे मोठे आकर्षण म्हणजे कामगार कल्याण केंद्र. तिथे कॅरम होता, वाचनालय होते, व्यायामाची साधने होती, नाटकाच्या तालमी चालत. या केंद्रांमागचा कायदा आम्हांला पुढे मोठेपणी वाचायला मिळाला. १९५३ च्या मुंबई कामगार कल्याण निधी अधिनियमानुसार जो निधी उभारण्यात आला, त्यात कामगारांकडून वसूल झालेले दंड आणि कामगारांनी न नेलेले, मालकाकडे पडून राहिलेले पगार यांचा समावेश होता. कुणी उशिरा आला म्हणून कापला गेलेला पैसा, किंवा गावी जाऊन परत न आलेल्या कुणा बदली कामगाराचा अडकून पडलेला पगार, याच वाटेने आमच्या हाती कॅरमची सोंगटी होऊन आला होता. आमचे खेळणे कुणाची कृपा नव्हती. त्याची किंमत आमच्या बापांनी आणि बापांच्या सोबत्यांनी आधीच चुकती केलेली होती.

त्याआधीची परंपराही मोठी आहे. ज्यांचे नाव आमच्या रस्त्याला आहे, त्या नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये ‘सोशल सर्व्हिस लीग’ स्थापन केली. रात्रशाळा, फिरती वाचनालये आणि परळचे दामोदर नाट्यगृह यांच्याद्वारे या संस्थेने गिरणगावाला वाचायला व नाटक करायला शिकवले. लालबागमधील गणेश गल्लीचा उत्सव १९२८ पासूनचा, बाजारातील गणेशोत्सव १९३४ पासूनचा. मंडपाचे बांबू उभे राहिले की त्या दिवसांपुरता सगळ्या मुलांचा मुक्काम तिकडे हलत असे, आणि आम्ही ख्रिस्ती मुलेही बांबूवर चढणाऱ्यांत मागे नसू. नाताळात आमच्या गव्हाणीसाठी लागणारे गवत आणि रंगीत कागद आणायला तीच मुले आमच्याबरोबर येत. शाहीर अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाचे दिवस आमच्या जन्माआधीचे, पण त्यांची गाणी पाठ असलेली माणसे मैदानाच्या कडेला बसलेली असत. कवी नारायण सुर्वे हे तर तान्हेपणी टाकून दिलेले मूल, गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने उचलून वाढवलेले. १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या संग्रहाला त्यांनी ‘माझे विद्यापीठ’ असे नाव दिले. गिरणगावातील मुलाला त्या शीर्षकाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

रविवार

गिरणगावाच्या मुलांचा खरा दिवस रविवार. तो सहजासहजी मिळालेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांना संघटित करून आठवड्याच्या सुट्टीची मागणी केली. रविवार हा खंडोबाचा वार, तो श्रमिकाला मिळाला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. १८९० मध्ये गिरणीमालकांनी ती मान्य केली. पुढच्याच वर्षी, १८९१ मध्ये, पोप लिओ तेरावे यांचे ‘रेरुम नोवारुम’ हे परिपत्र प्रसिद्ध झाले आणि त्यात श्रमिकाच्या विश्रांतीचा हक्क ठामपणे मांडला गेला. मुंबईचा सत्यशोधक आणि रोमचे धर्मपीठ यांचा एकमेकांशी परिचय नव्हता, तरी दोघांनीही एकाच दिवसाची बाजू घेतली. लोखंडे १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना निवर्तले.

त्या रविवारी बाप जागा असे. एवढ्यानेच चाळीचे रूप पालटे. मिस्सा आटोपून आम्ही परतत असू तेव्हा मैदानावर कबड्डीची रेघ आखलेली असे आणि आठवडाभर झोपेत पाहिलेले काका, मामा, अण्णा लंगोट कसून उभे असत. चर्चच्या आवारात बसणारी आमची टोळी आणि मैदानावरची टोळी दुपारपर्यंत एक होऊन जाई.

हे चित्र रंगवताना त्याच्या कडा झाकणे योग्य होणार नाही. नाका हा मुलग्यांचा होता. मुलींच्या वाट्याला नळाचा कठडा, गच्चीवरचे वाळवण आणि आईच्या हाताखालचे काम येई. अनेक माउल्या एकट्या राहणाऱ्या कामगारांसाठी खानावळ चालवत. अशा स्त्रियांना सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. त्या खानावळींतील पोळ्या लाटणारे हात बहुधा शाळेत असायला हवे होते, अशा वयाच्या मुलींचेही होते. जातीच्या रेषाही होत्या. कोणत्या इमारतीतील मुले कोणत्या मैदानात खेळतात, हे न सांगता ठरलेले असे आणि जानेवारी १९७४ मधील वरळीच्या दंगलीत त्या रेषा रक्ताने अधोरेखित झाल्या. एकाच नळावर पाणी भरणारी माणसे एका रात्रीत शत्रू होऊ शकतात, ही जाणीवही आम्हांला त्याच गल्ल्यांनी दिली.

बाप पायरीवर येऊन बसले

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. या संपाच्या कारणांची व परिणामांची चर्चा पुष्कळ झाली आहे. आम्ही तेव्हा शाळेत होतो. आम्हांला पहिला फरक जाणवला तो आवाजाचा. भोंगे बंद झाले आणि दिवसाचे तुकडे पाडणारे कुणी उरले नाही. दुसरा फरक जागेचा. बाप आता दिवसा झोपत नव्हते. खोलीत बसणे त्यांना असह्य होई, म्हणून ते बाहेर आले आणि आमच्या पायऱ्यांवर बसले. ज्या पायऱ्यांवर आम्ही हसत होतो, तिथे मोठी माणसे गप्प बसलेली पाहून आम्ही मुले आपोआप खाली सरकलो, मग अंगणात, मग रस्त्यावर. पहिले काही महिने ‘पुढच्या आठवड्यात मिटेल’ अशी बोलणी ऐकू येत, पुढे तीही थांबली.

मग मुले कमी होऊ लागली. कुणाला शाळेचा दाखला काढून गावी पाठवले, कुणी हॉटेलात लागला, कुणी भाजीच्या गाडीवर उभा राहिला. क्रिकेटच्या दोन संघांचा एक संघ झाला. काही मुलांना वाईट धंद्यांनी ओढून नेले. नाका तोच होता, परंतु आता तिथे काम नसलेला तरुण दिवसभर उभा असे आणि त्याला हेरणारेही तिथेच येत. ‘अड्डा’ या शब्दाला जो वाईट वास आम्ही वर सांगितला, तो आमच्या गल्लीत त्या काळात शिरला. तो संप विधिपूर्वक मागे घेतला गेल्याची घोषणा कधी झालीच नाही. त्यामुळे आमचे बालपण कोणत्या दिवशी संपले, हेही सांगता येत नाही.

मोकळ्या जागेचा हिशोब

गिरण्या बंद पडल्या आणि जमिनी उरल्या. मुंबईतील ५८ गिरण्यांची मिळून सुमारे ६०० एकर जमीन. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने अशी तरतूद केली होती की, गिरणीच्या जमिनीचा पूर्ण पुनर्विकास करताना सुमारे एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी महापालिकेला द्यावा, एक हिस्सा सार्वजनिक घरबांधणीसाठी म्हाडाला द्यावा आणि उरलेला मालकाने विकसित करावा. १९९६ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने सार्वजनिक क्षेत्रातील गिरण्यांच्या जमिनींचा सलग विचार करून मैदाने, रस्ते व घरे यांची आखणी सुचवली.

२००१ मध्ये नियमात बदल झाला. विभागणी आता संपूर्ण जमिनीची न राहता, बांधकाम वगळून जी जमीन रिकामी असेल तेवढ्याचीच करायची असे ठरले. गिरणीची जमीन बहुतेक सगळी छपरांखाली असते, त्यामुळे मैदानाचा व घरांचा हिस्सा एकदम आक्रसला. पर्यावरणवादी न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्यांच्या बाजूने कौल दिला, परंतु मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि २००१ चा बदल कायम राहिला. त्यानंतर जे उभे राहिले, ते परळच्या पुलावरून जाणारा कुणीही पाहू शकतो.

या साऱ्या वादात ‘मोकळी जागा’ हा शब्द शहराच्या हवेच्या आणि पर्जन्यजलाच्या संदर्भात पुष्कळदा उच्चारला गेला, आणि ते योग्यच होते. तिथे मुले बसत होती, एवढी साधी गोष्ट मात्र फार थोड्यांना सुचली. कामगाराची देणी मोजली गेली, जी अपुरी का होईना, मोजली तरी गेली. त्याला घर देण्यासाठी २०१२ पासून म्हाडाच्या सोडती निघाल्या. पण पायरीची, ओट्याची, भिंतीच्या सावलीची देणी मोजण्यासाठी कोणत्याही कार्यालयात खातेवही नव्हती. जे कुणाच्या मालकीचे नव्हते आणि सगळ्यांच्या वापरात होते, त्याचा दावा कुणी लावायचा?

आता बी.डी.डी. चाळींचाही पुनर्विकास चालू आहे. वरळीतील पहिल्या रहिवाशांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. याचा आम्हांला मनापासून आनंद आहे. १६० चौरस फुटांत आयुष्य काढलेल्या आणि सामाईक शौचालयापुढे रांगेत उभ्या राहिलेल्या माउलीला जुन्या चाळीचे गोडवे सांगण्याचा अधिकार कुणालाही नाही, आणि दूरच्या धर्मग्रामात स्वतंत्र खोलीत राहणाऱ्या आमच्यासारख्याला तर मुळीच नाही. आता घरात झोपलेल्या माणसाला न उठवता मुलाला अभ्यास करता येईल. प्रश्न एवढाच उरतो, की दार लावून घेतल्यावर शेजारच्या मुलाचा कान धरणारी मावशी कुठे भेटणार, आणि बाविसाव्या मजल्यावरचा मुलगा संध्याकाळी ‘नाक्यावर’ म्हणून कुठे जाणार.

काळाचौकी येथील इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर महापालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालयाचे काम हाती घेतले आहे. तिथे साचे ठेवले जातील, भोंगा ठेवला जाईल, कदाचित चाळीतील एक खोलीही उभारली जाईल. त्या खोलीबाहेर जिन्याच्या चार पायऱ्या जरूर असाव्यात, अशी आमची विनंती आहे. पायऱ्यांवाचून ती खोली मुलांना समजणार नाही.

यरुशलेम पुन्हा वसेल तेव्हा ते कशावरून ओळखावे, हे सांगताना जखऱ्या संदेष्ट्याने मंदिराच्या उंचीचा उल्लेख केला नाही. चौकांत काठी टेकून बसलेली वृद्ध माणसे आणि रस्त्यांवर खेळणारी मुले-मुली ही त्याने दिलेली खूण आहे. आमच्या वाचकांत गिरणगावात वाढलेले अनेकजण आहेत. आज ते वसईत, कल्याणला, पनवेलीला किंवा कोकणातल्या घरी आहेत. त्यांनी आपापल्या गल्लीचा एक कच्चा नकाशा काढावा. कोणत्या ओट्यावर कोण बसत असे, कोणत्या दिव्याखाली कोणाचा अभ्यास झाला, मुली कुठे भेटत, कोणत्या मैदानात कुणाला मज्जाव होता, हे सगळे त्यात लिहावे आणि नातवंडांच्या हाती द्यावे. न्यायालयात तो पुरावा म्हणून चालणार नाही. पण पुढच्या वेळी एखाद्या नगराचा आराखडा मांडला जाईल, तेव्हा मुलांच्या बसण्याची जागा कुठे आहे, हा प्रश्न विचारणारा एखादा तरी माणूस त्यातून तयार होईल.